चराईवरची कुत्री

"त्यांना नाही देता येणार," शेठ म्हणाले.

"त्यांना म्हणजे कुणाला? मुलाण्याला?"

शेठ काही बोलले नाहीत. डोक्यावरची काळी टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि फाटकाकडे बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "दगडूभाईंनाच विचारा. त्यांना ठाऊक आहे."

मी विचारलं नाही. शेठ गप्प बसले हीच मी कबुली धरली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आणि कुणी गप्प बसलं की तो गुन्हेगार असतो अशी माझी पक्की समजूत होती.

मी शिरूरला गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. स्टॉकमन म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. लस टोचायची, जखमा धुवायच्या, सायकलवर गावोगाव फिरायचं आणि महिन्याला रिपोर्ट लिहायचा. नोकरीत येण्याआधी दोन वर्षं मी चळवळीची पत्रकं लिहिण्यात घालवली होती. नोकरी लागली, पण पत्रकांची खोड गेली नाही.

आमच्या भागात एक पांजरपोळ होतं. म्हातारी, लंगडी, भाकड, कुणाला नको झालेली जनावरं सांभाळायची जागा. व्यापारी मंडळी ते चालवत आणि शेठ त्याचे मुख्य ट्रस्टी. आठवड्यातून एकदा तिथं जाऊन जनावरं तपासायची, ही माझी ड्यूटी. गाई-बैल बरेच, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा कुत्री. ही कुत्री बहुतेक दौंडची. रेल्वेचं जंक्शन, बदल्यांचं गाव. साहेबांची बदली झाली की कपाटं, पलंग, कोंबड्यांचा खुराडासुद्धा वॅगनमध्ये चढायचा आणि कुत्रं फलाटावर राहायचं. मला याचा तेव्हा संताप यायचा, आजही येतो. ज्यांनी त्या जनावराला हातानं बिस्किटं भरवली, त्यांना निघताना मागं वळून बघावंसं वाटत नाही?

त्यातलीच ही एक. पिवळट रंग, डाव्या कानाचं टोक तुटलेलं. कुणी दयाळू गार्ड तिला पांजरपोळात आणून सोडून गेला होता. ती खायची नाही. भाकरी ठेवली, दूध ठेवलं, तोंड फिरवायची. मी कातडीखाली सलाईन द्यायचो. तेवढ्यावर जनावर किती दिवस काढणार?

मग मांडवगण फराट्याहून कडब्याची गाडी आली. गाव दरवर्षी पांजरपोळाला वैरण पाठवायचं. गाडीवर दगडूमामा होते, गावचे मुलाणी. मुलाणी म्हणजे गावासाठी बकरं कापणारा माणूस. आमच्याकडे जत्रा असो की जावळ, हिंदूच्या घरचं बकरंसुद्धा मुलाण्यानंच कापायचं, अशी रीत. साठीचा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडं. कडबा उतरवून ते शेडच्या सावलीला भाकरी सोडून बसले, आणि ती कुत्री उठून त्यांच्याजवळ गेली. त्यांनी चतकोर पुढं केली. तिनं खाल्ली. मी औषधाची पेटी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.

"मामा, ही पंधरा दिवस कुणाच्या हातचं खात नाही!"

"भूक लागली आसंल," दगडूमामा म्हणाले. "आन् ती खाताना मानसानं तिच्याकडं बगू ने. तुमी समदी तोंडाकडं बगत उभं ऱ्हाता. लाजंल न्हाई तर काय करंल?"

तेव्हापासून ते दर बाजाराला शिरूरला आले की पांजरपोळात डोकवायचे. ती त्या दिवशी पोटभर खायची आणि पुढच्या बाजारापर्यंत जेमतेम तग धरायची. मामांचं स्वतःचं कुत्रं मेलं होतं. त्यांच्या शेळ्या माळावर असायच्या आणि लांडग्यानं दोन करडं नेली होती. त्यांना कुत्रं हवं होतं, तिला माणूस हवा होता. मला वाटलं, इतकं सरळ प्रकरण सरकारी नोकरीत पुन्हा यायचं नाही. मी शेठकडे गेलो आणि मामांसाठी कुत्री मागितली. त्यावरचं उत्तर वर लिहिलंच आहे.

त्याच संध्याकाळी मी मजकूर लिहिला. मथळा, "जीवदया की जातदया?" शिरूरच्या छापखानेवाल्यानं पहिली ओळ वाचूनच कागद परत दिला. शेठ त्याचे शेजारी. मग मी रजा टाकून एस.टी.नं दौंडला गेलो. तिथल्या छापखान्यात उभं राहून खिळे जुळवून घेतले, स्वतः प्रूफ तपासलं आणि दोनशे पत्रकं घेऊन परत आलो. बाजारात वाटली. मांडवगणलाही पाठवली. "एका गरीब, दुबळ्या मुलाण्याला केवळ त्याच्या जन्मामुळे एक मुके जनावरही नाकारले जाते," असं त्यात होतं. दगडूमामांचं नाव, गाव, सगळं होतं. सही तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्रक.

"हे तुझं?"

"खाली सही नाही, साहेब."

"सही नाही. पण 'निर्लज्ज' हा शब्द तीन वेळा आहे. माझ्या दवाखान्यात तो शब्द तुझ्याशिवाय कुणी वापरत नाही."

मी गप्प. म्हणजे मी स्वतः गुन्हेगार असतानाच गप्प बसलो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"मेमो नंतर देतो," साहेब म्हणाले. "आधी एवढं सांग, तो मुलाणी तुला म्हणाला होता का की माझ्यासाठी भांड?"

"अन्याय दिसल्यावर सांगावं लागत नाही, साहेब."

"बरं. जा, मग त्यालाच हे सांगून ये."

पुढचा बाजार आला. दगडूमामा आले नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. कुत्री भिंतीकडे तोंड करून पडली होती. बरगड्या मोजता येत होत्या. सलाईनची सुई टोचली तरी मान उचलेना. मी मनात हिशेब केला, फार तर आठवडा.

मी सायकल एस.टी.च्या टपावर टाकली आणि मांडवगणला गेलो. मामा माळावर शेळ्या राखत होते. मी रामराम केला. त्यांनी केला नाही.

"मामा, बाजाराला आला नाहीत?"

"कंच्या तोंडानं येऊ?" ते काठी टेकून उभे राहिले. "चावडीफुडनं जायची सोय ठिवली न्हाईस. जो भेटतोय त्यो म्हनतोय, काय दुबळे मामा, बरं हाय का? गरीब मामा, जेवलासा का? आरं, मी कवा तुला म्हनलो का मी दुबळा हाय म्हून? ह्या गावात माझ्या सुरीबिगर कुनाच्या घरी मटान शिजत न्हाई!"

त्या दिवशी ते मला पहिल्यांदा अरे-तुरे बोलले.

"पण शेठनी तुम्हाला कुत्री नाकारली ना, मामा? तुम्ही मुलाणी म्हणून?"

"त्या फाटकातनं आत गेल्यालं जनावर बाह्येर देतच न्हाईत. पाटलानं बैल मागितला, त्यालाबी दिला न्हाई. शेठच्या मेव्हन्यानं गाय मागितली, त्यो तर आजूनबी त्यांच्याशी बोलत न्हाई. न्यायचं आन् कुटं इकलं, कुटं कापलं, मग? म्हून त्यो नेम हाय. माझ्या बापाला ठावं हुता, मला ठावं हाय. आन् मी मागितलीच कुटं? मागितलीस तू!"

मी खाली अंथरलेल्या घोंगड्याच्या कडेला बसलो.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पत्रकात बसलं नसतं. शेठच्या आजोबांनी मामांच्या आजोबांकडे एक शब्द मागितला होता. पजूसणात, म्हणजे जैनांच्या पर्युषणात, आठ दिवस सुरी उचलायची नाही. तीन पिढ्या तो शब्द पाळला गेला होता. गावात पाहुणे येवोत की लग्न असो, त्या आठ दिवसांत मुलाणी बकऱ्याला हात लावत नसे. आठ दिवस संपले की मामा शेठच्या घरी जायचे, शेठ स्वतः त्यांना पाट मांडून जेवू घालायचे.

"त्या दिशी मी त्यांच्याफुडं गोष्ट काढनार हुतो," मामा म्हणाले. "त्या दिशी शेठ मला न्हाई म्हनत न्हाई. तवर दर बाजाराला तिला घास घालत हुतो, जगली आसती. समदं बैजवार चाललं हुतं. मधीच तू छापून आलास."

"मग आता चला."

"आता? शेठला वाटत आसंल, दगड्यानंच पोराला फूस दिली."

"मी सांगतो त्यांना."

"तू काय सांगनार? तू सांगाय लागलास का मला भ्या वाटतं."

तरी ते उठले. शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली केल्या आणि सगळा रस्ता एस.टी.त माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

शेठ पांजरपोळातच होते. मी सगळं कबूल केलं. मी छापलं, मी वाटलं, मामांना पत्ता नव्हता, आणि मी चुकलो. शेठनी चष्म्याचं घर उघडलं. त्यात माझं पत्रक घडी करून ठेवलेलं होतं.

"मी हे तीनदा वाचलं," ते म्हणाले. "शुद्धलेखन चांगलं आहे." मग मामांकडे वळले. "दगडूभाई, तुम्ही दोन बाजार आला नाहीत. मला वाटलं, तुमचंही मत हेच असेल."

"आन् मला वाटलं, तुमी माझं तोंड बगनार न्हाई."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठायचीही लाज वाटत होती. मग मामा शेडकडे गेले. कुत्रीच्या बाजूला बसले, तिच्याकडे पाठ केली, भाकरी काढली आणि स्वतः खायला लागले. बऱ्याच वेळानं मागून एक नाक त्यांच्या कोपराला लागलं. त्यांनी मागं न बघता हात मागं केला.

शेठ बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण नियम तो नियम. "दगडूभाई, बाहेर द्यायची म्हणजे... उद्या दहा जण येतील. त्यांना काय सांगू?"

मामा तसेच पाठमोरे बोलले. "शेठ, दुस्काळात तुमच्या भाकड गाई आमच्या माळावं चराईला येत्यात का न्हाई?"

"येतात."

"तवा त्या पांजरपोळातनं गेल्या, आसं म्हनता का?"

"नाही. त्या पांजरपोळाच्याच. फक्त चराईला."

"मग हिलाबी पाठवा चराईला."

शेठ हसू दाबत म्हणाले, "कुत्री चरते का, दगडूभाई?"

"हितं तरी कुटं काय खाती? चरती का न्हाई, ते माळावं गेल्याबिगर कसं कळंल?"

शेठनी टोपी डोक्यावर घातली. म्हणजे निर्णय झाला. चराईला जनावर पाठवायचं तर गुरांच्या दवाखान्याचा दाखला लागायचा. तो मी लिहायचा, साहेबांनी सही करायची. खोट्या सरकारी कागदांविरुद्ध मी आयुष्यात दोन पत्रकं काढली होती. त्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलं, "सदर जनावरास मोकळ्या चराईची नितांत आवश्यकता आहे." जनावराचा प्रकार या रकान्यात लिहिलं, "कुत्री, पिवळी, डावा कान तुटका."

साहेबांनी दाखला वाचला. चष्मा काढला, परत घातला, परत वाचला.

"कुत्रीला चराई?"

"होय, साहेब."

"निर्लज्ज," साहेब म्हणाले आणि सही केली. मेमोही दिला. तो अजून माझ्या फाइलला आहे.

चराईवरचं जनावर महिन्याला तपासायचं असा नियम, म्हणून मी दर महिन्याला मांडवगणला जायचो. नोकरीतले ते माझे सगळ्यात चांगले दिवस. माळावर वारा असायचा, शेळ्या पांगलेल्या असायच्या, आणि ती दगडावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. मी आलो की मामा तिला हाक मारायचे, "ए पांजरपोळ, ऊठ, तुजा डाक्टर आलाय!" तेच तिचं नाव पडलं. मी रिपोर्टात "प्रकृती उत्तम, चरते" असं लिहायचो. लांडगा पुन्हा फिरकला नाही. ती मामांच्या घरी काय खायची, हे शेठनी कधी विचारलं नाही आणि मामांनी कधी सांगितलं नाही. दर पजूसण संपलं की मामा तिला दोरी लावून पांजरपोळाच्या जनावरांच्या मोजणीला शिरूरला आणायचे. ती फाटकापाशी पाय रोवून बसायची, आत यायची नाही. मग शेठच जेवणाचा पाट घेऊन बाहेर यायचे.

पुढं माझी दौंडला बदली झाली. कुत्री मागे सोडून जाणाऱ्यांच्या गावात. इथंही मी पत्रकं काढतो, रेल्वे चाळीत दारोदार वाटतो, आणि शब्द मऊ केलेले नाहीत. फक्त एक सवय लावून घेतली आहे. ज्याच्या बाजूनं छापायचं, त्याला आधी मजकूर वाचून दाखवतो. निम्मी पत्रकं तिथंच बारगळतात.

गेल्या वर्षी दगडूमामा दवाखान्यात आले. आता ते काठीशिवाय चालत नाहीत. घोंगड्यात काहीतरी वळवळत होतं.

"पांजरपोळ गेली, डाक्टर. म्हातारी झाली हुती. झोपंतच गेली," त्यांनी सांगितलं आणि घोंगडं टेबलावर ठेवलं. आतून पिवळं पिल्लू निघालं, दोन्ही कान शाबूत. "तिच्या लेकीचं हाय. शेठ म्हनलं, चराईवं व्यालेलं जनावर पांजरपोळाचंच. त्याचा वेलबी पांजरपोळाचाच. आन् म्हनलं, ह्ये त्या छापनाऱ्याकडं पाठवा."

मी दाखला लिहायला घेतला. मामा माझ्या कागदाकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

हे लिहितोय तेव्हा त्या पिल्लाची मोठी झालेली कुत्री माझ्या टेबलाखाली पायावर तोंड टाकून झोपली आहे. शेजारी विचारतात, कुत्री तुमची का? मी नाही म्हणतो. पांजरपोळाची आहे, माझ्याकडे चराईला.