मोकळी पाळी

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सिद्रामअण्णांवर अन्याय झाला. हे आधीच लिहितो, कारण लोक म्हणतात, "म्हाताऱ्याचं वय झालं होतं." वय झालं नव्हतं. फोन लागला नव्हता.

अण्णा मैंदर्गीपलीकडच्या आमच्या वस्तीवरच्या मोबाइल टॉवरचे राखणदार. सदऱ्याच्या दोन खिशांत दोन फोन, दोन कंपन्यांचे. कुणाचा फोन लागेना की माणूस टॉवरखाली यायचा आणि अण्णा चालता फोन त्याच्या हातात ठेवायचे. "बा, कुंद्र," आधी कानडीत, मग मराठीत, "बस की. निवांत बोल."

मी पहिल्यांदा गेलो तो पत्रकांचा गठ्ठा घेऊन. मथळा : 'दुसरा टॉवर द्या!' अण्णांनी चष्मा लावून पत्रक वाचलं.

"कुणी लिवलं?"

"मी."

"वर बघितलंस का कधी? का मान मोडती?"

वर पाहिलं. एकाच टॉवरवर दोन कंपन्यांची यंत्रं.

"डावीकडली कंपनी सगळ्या गावाला वढतीया. उजवीकडली झोपलीया, गिऱ्हाईकच न्हाय. फोन ज्यावर चालत्यात त्या तिच्या वाटणीच्या लहरी हवेत मोकळ्या. टॉवर कशाला मागतोस, येड्या? लहरी वाटून घ्या म्हण की!"

अण्णांच्या विहिरीवर चार भावांचा वाटा. वीज येईल तेवढ्याच तासांची पाळी. ज्याला पाणी नको, त्यानं बांधावर उभं राहून शेजारच्या भावाला हाक मारायची, हा रिवाज. "पाळी दडवली की वीज जाती," अण्णा म्हणायचे, "आन् भावाचं रान कोरडं." कंपन्यांनाही लहरी वाटून वापरायची मुभा आहे. नुसती मुभा. म्हणून हाक कुणी मारत नाही.

त्या सोमवारी देवळात ही गर्दी. जो तो फोनवर, डावीकडच्या कंपनीचा एकही फोन लागेना. कस्तुरबाई रडत आली. तिची लेक सोलापुरात बाळंतपणाला अडलेली. अण्णांनी उजवीकडच्या कंपनीचा फोन दिला. "जा घेऊन. लेक सुटंस्तवर तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

ती गेली आणि अण्णांच्या छातीत कळ आली. नागव्वाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात उरला तो तुंबलेला फोन. रुग्णवाहिकेला लागला, कारण तातडीचा नंबर कुठल्याही कंपनीवरून जातो, पण ती निघणार लांबून. वस्तीवरच्याच रेवणची जीप दोन शेतांपलीकडं उभी होती. अकरा वाजून दहा मिनिटांपासून काकूंनी रेवणला सात वेळा लावला, एकदाही लागला नाही. शेवटी पळत गेल्या. अक्कलकोटच्या वाटेवर, जीपमध्येच अण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

संध्याकाळी कस्तुरबाई फोन द्यायला आली. तिला नात झाली होती, आणि ती उंबऱ्यातच कोसळली.

"तू न्हाय गं मारलंस त्यांना," काकू म्हणाल्या. "ठेव तो टॉवरखाली. कुणाला तरी लागंल."

अण्णांनी हातातला फोन दिला. कंपनी पडून असलेल्या लहरी देत नाही. वाचून हळहळू नका. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि ठराव मांडा : ज्या कंपनीची पाळी मोकळी, तिनं शेजारणीला हाक मारलीच पाहिजे. मुभा नको, सक्ती हवी. आणि सभेला जाण्याआधी तुमच्या टॉवरखाली थांबून वर बघा.

मान मोडत नाही.