पाचर आणि मुकादमाचे बूट

माझ्या धाकट्या दिरांचा हँडब्रेकवर विश्वास नव्हता. तसा तो कशावरच नव्हता, पण हँडब्रेकवर मुळीच नव्हता. दगडखाणीच्या आतल्या रस्त्यावर ते डंपर चालवत. गाडी उभी केली की चाकाखाली लाकडी पाचर सारल्याशिवाय जागचे हलत नसत. त्यामुळे खाणीत त्यांचं नावच ‘पाचर’ पडलं. घरीही तीच तऱ्हा. आमच्या मुलीच्या बाबागाडीच्या चाकाखाली ते पाटीचा फुटका तुकडा सरकवून ठेवत.

“अरे, ही बसायची खोली आहे, घाट नाही,” आमचे हे म्हणत.

“फरशी सपाट आहे असं कोण म्हणालं? ज्यानं बसवली तोच ना?”

अशा माणसावरच एकदा संशय आला. त्यांच्या गाडीला इतरांपेक्षा डिझेल कमी लागे आणि फेऱ्या मात्र तेवढ्याच होत. मुकादम स्वतः जुना ड्रायव्हर, साऱ्या लबाड्या त्याला पाठ. एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि खुर्चीच्या कडेवरच टेकला.

“उतारावर न्यूट्रल मारतोस काय रे, पाचर?”

प्रश्न साधा नव्हता. भरलेली गाडी उतारावर मोकळी सोडली की सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग धरत नाहीत. म्हणून न्यूट्रल मारणाऱ्याला ती खाण त्याच दिवशी घरी बसवी. भावजींच्या वयाच्या ड्रायव्हरला दुसरीकडे कुणी दारातही उभं केलं नसतं.

“गिअरमध्येच उतरतो. रांगेत असलो की इंजिन बंद ठेवतो. आणि चढाच्या पायथ्याशी थांबतो, पुढचा वर पोचेपर्यंत.”

“ते कशाला?”

“तो मधेच थांबणार, असा मला संशय असतो. मग मलाही थांबावं लागणार. भरली गाडी चढावर पुन्हा उचलायची म्हणजे डिझेल नुसतं घटाघटा पिते.”

“आणि माल ओतायच्या जागी दर फेरीला उतरून मागे काय बघतोस? वाटेत थोडी खडी विकून गाडी हलकी करतोस आणि उघडा राहिलेला मागचा फाळका तिथे लावतोस ना?”

“मागे कुणी आहे का, ते बघतो.”

“गाडी मागे घ्यायला शिट्टीवाला असतो की तिथे.”

“त्याचं लक्ष असतं कशावरून?”

मुकादम उठला. “बघतो मी,” एवढंच म्हणाला. चहा तसाच राहिला. माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, “भावजी, खरंच काही नाही ना?”

“वहिनी, तुम्हीसुद्धा?” ते म्हणाले. रागावलेले मात्र दिसले नाहीत. मी विचारलं नसतं तर त्यांना माझाच संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी काय घडलं ते मला भावजींनी आणि मुकादमानं वेगवेगळं सांगितलं, आणि हकीकती इतक्या जुळल्या की दोघांनी आधी ठरवलं असावं असं वाटलं. मुकादमानं शिट्टीवाल्याला काहीतरी काम काढून दूर पाठवलं आणि स्वतः दगडांच्या ढिगाआड दबा धरला. भावजींनी गाडी आणून उभी केली. ते लगेच उतरले नाहीत. शिट्टीवाला का दिसत नाही, याचा विचार करत बसले होते. आज हा अजून उतरला नाही, म्हणजे फाळका उघडाच असणार, तेवढ्यात पकडावं, असं मुकादमानं ठरवलं. तो ढिगाआडून निघाला आणि चाकांमागे वाकून फाळक्याची कडी चाचपू लागला. आरशात काही तो दिसत नव्हता. दुसऱ्या कुणी रिव्हर्स टाकून गाडी मागे घेतली असती.

भावजी खाली उतरले. मागे गेले. आधी बूट दिसले, मग मुकादम.

“आधी बाजूला व्हा,” ते म्हणाले, “मग करा माझी चौकशी.”

मुकादम ढिगाजवळच्या दगडावर बसला तो बराच वेळ उठला नाही. कडी घट्ट लागलेली होती. भावजींनी माल ओतला, फाळका लावला आणि गाडी घेऊन गेले.

त्या खाणीत गाड्यांच्या किल्ल्या रात्री मुकादमाच्या खोलीत खुंट्यांवर असत आणि सकाळी तो ज्याच्या त्याच्या हातात देई. किल्ली मिळाली नाही की समजायचं आणि घरी जायचं. सकाळी भावजी रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले. मुकादमानं मान खाली घालूनच किल्ली पुढे केली.

भावजींनी ती उलटसुलट करून पाहिली. “माझ्याच गाडीची ना?”

“लावून बघ,” मुकादम म्हणाला.

भावजींनी खरंच आधी लावून बघितली, आणि मगच चाकाखालची पाचर काढली.