ह्यात मासे न्हाईत

आमच्या दवाखान्यातल्या टीबीच्या खोलीत किस्से गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसारखे साठतात. टाकायला हातच होत नाही. लोक विचारतात, "ताई, रोज खोकला ऐकून कंटाळत नाही?" अहो, खोकल्याच्या मध्ये माणसं बोलतातही ना! आजचे हे किस्से सगळे एकट्या सईचे.

सई दिघीजवळच्या गावातली, सात वर्षांची. दोन महिने गोळ्या खाऊन ताप उतरेना, वजन वाढेना. तिच्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते कळायलाच हवं होतं, नाहीतर पोर हातची जात होती. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून तो पोटातून काढायचा. पोरीने डोळे मिटून नळी घालून घेतली. नळी बाहेर आल्यावर मात्र मला दरडावलं, "आता तुम्ही घालून दाखवा!"

*

नमुना थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर, फेरीबोटीने खाडीपलीकडे आगरदांड्याला जातो. तिथून गाडीने लॅबला. दुपारी लॅबच्या जोशीसरांचा फोन. "मॅडम, फॉर्मवर सई, डब्यात चार पापलेटं. तपासू काय?"

बोटीत हिराबाई कोळणीचा तसलाच डबा शेजारी होता! थोड्या वेळाने तिचाही फोन, "ताई, तुमची तपासायची बाटली माझ्याकडं हाय. गिऱ्हाईक खवळलंय, आधी माझी पापलेटं द्या!"

तोवर बर्फ वितळला, नमुना वाया गेला. मला मेलं हसूही येईना. पोरीला पुन्हा नळी घालायची, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

*

सईने सगळं ऐकून घेतलं. "घाला. पण डब्यावर मी लिवनार." आणि लिहिलं, मोठ्या अक्षरात: "हा सईचा डबा हाय. ह्यात मासे न्हाईत."

या वेळी तो हिराबाईने मांडीवर घेऊन नेला. बोटवाल्यालाही हात लावू दिला नाही.

*

रिपोर्ट आला. मुख्य औषधाला जंतू दाद देत नव्हता. मग तिचा मामा आठवला. मुंबईत टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून हा बाबा सईच्याच घरी येऊन राहिला होता. त्याचाही नमुना तपासला. डॉक्टर म्हणाले, "दोघांचा जंतू एकाच वंशाचा."

आजीने कपाळाला हात लावला. "व्हय ओ, माझ्या ह्या लेकावरच गेलाय. कुनाचं ऐकत न्हाय!"

*

दोघांना नव्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी सई मामासमोर उभी. "गीळ. आता जीभ वर कर." तिशीचा बाप्या मुकाट जीभ वर करायचा!

*

शेवटी सईची तपासणी स्वच्छ आली. फोनवर मी आणि जोशीसर नुसते हसत होतो. माझे डोळे भरून आले होते. मामाचीही स्वच्छ.

पुढच्या आठवड्यात जोशीसरांच्या टेबलावर थर्माकोलचा डबा. वर तेच मोठं अक्षर: "हा सईचा डबा हाय. ह्यात मासेच हाईत."

सरांनी तरी मास्क चढवला, हातमोजे घातले, मगच झाकण काढलं. बर्फावर चार पापलेटं, आणि वर चिठ्ठी:

"तपासू नका. खावा!"