नळीवरचे अक्षर

रायफल टेबलावर होती आणि तिच्या नळीवर ‘K’ दिसत नव्हता.

मी व्हर्जिनियातील हर्नडनमध्ये एका खासगी लॅबमध्ये फोरेन्सिक फोटोग्राफर आहे. पुराव्याच्या वस्तूंवरील पुसट खुणा वाचता येतील असे फोटो काढणे, हे माझे काम. ही रायफल एका जुन्या राजकीय हत्येच्या खटल्यातील. आरोपीने ती टपालाने मागवली होती. दुकानात ती बॉक्समध्ये भरणाऱ्या क्लार्कने कोर्टात सांगितले होते की, नंबरच्या आधी ‘K’ आहे. एकच नंबर दोन कारखान्यांच्या रायफलींवर असू शकतो; कारखाना कळतो तो अक्षरावरून. पुढे गंज काढताना नळी घासली गेली आणि ‘K’ कोणालाच दिसेना. क्लार्क खोटे बोलला, असे लोक उघड म्हणू लागले.

तो आता हयात नाही. त्याच्या वृद्ध कन्या, मिसेस हॅरिस, बाहेर बसल्या होत्या; अनेक महिने पाठपुरावा करून त्यांनीच ही तपासणी करायला लावली होती. रायफल ज्या म्युझियमची होती, ते तिच्याजवळ नवी पाटी लावणार होते : ‘ही तीच रायफल असल्याबद्दल शंका आहे.’

“दुपारी रायफल परत जाणार,” माझा बॉस ग्रेग म्हणाला. “फोटो झाले?”

“फोटो भरपूर झाले. उत्तर मिळालं नाही.”

“म्युझियमवाल्यांना कॉफी पाजतो. त्याहून जास्त वेळ मला मिळवता येणार नाही.”

उथळ खूण पाहायची असेल, तर दिवा अगदी खाली, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरतात. मग इवल्याशा खड्ड्याचीही सावली पडते. मी दिवा नळीला आडवा धरला होता. सावल्या पडल्या, पण शेकडो ओरखड्यांच्या.

“यार मीनल, ही रायफल आहे की किसणी?” माझा पुण्याचा सहकारी समीर स्क्रीनकडे पाहत म्हणाला.

“ओरखडे कोणत्या दिशेने आहेत?”

“नळीच्या लांबीने. सगळेच.”

शेतातील सऱ्या आठवा. सूर्य सरीच्या रेषेत असला, तर सरीत सावली पडत नाही. मी दिवा नळीच्या टोकाकडे नेला, म्हणजे प्रकाश ओरखड्यांच्याच दिशेने धावेल. ओरखडे विझले. नंबरच्या आधी एक उभी रेघ उरली आणि तिला चिकटलेल्या दोन तिरप्या.

समीरने थट्टा केली नाही. तो उठला आणि मिसेस हॅरिसना आत घेऊन आला.

मी त्यांना स्क्रीन दाखवली. शिस्तीप्रमाणे मर्यादाही सांगितली. “दुकानातून गेलेली रायफल हीच, एवढंच यावरून कळतं. गोळी कोणी झाडली, ते नाही.”

“माझे वडील तरी दुसरं काय सांगत होते, हनी?” त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.

ती पाटी लागली नाही. ग्रेगच्या कॉफीचे उपकार मी आजही मानते, आणि मिसेस हॅरिस यांच्या चिकाटीचे त्याहून अधिक. रिपोर्टमध्ये ‘खूण नाही’ असे मी आता लिहीत नाही. ‘या प्रकाशात दिसली नाही’ असे लिहिते.