पल्लवी वेचणीला आली!

परवा दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात सीतादही झाली, आणि माझी नात पल्लवी पूजेला आली! लिहिते कसली, मी मोबाईलसमोर बोलते आणि तो लिहितो. चुकलं तर समजून घ्या... माझी शाळा चौथीतच सुटली.

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. घरातली पोरगी झाडाला हळदीकुंकू लावते, दहीभात दाखवते आणि पहिलं बोंड वेचते. दही मात्र घरचंच पाहिजे, पाकिटातल्या दह्याला काही चव नाही... असो.

आमच्या घरी हा मान लहानपणापासून पल्लवीचा. पण दोन वर्षांआधी तिला मोठा ताप आला. ताप गेला आणि थकवा राहून गेला.

केस विंचरले तरी हात गळून जायचे. रात्रभर झोपून उठायची तर चेहरा असा, जशी काही रात्रभर जात्यावर दळत होती. बोलता बोलता शब्द विसरायची. आणि रिपोर्ट सगळे चांगले! मग काय, लोकांना तोंड फुटलं... कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे लग्न करून द्या, आपोआप कामाला लागेल.

शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टर मॅडमनी सांगितलं, हा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नाव पल्लवीने माझ्याकडून पाठ करून घेतलं, आता मी येईल त्याला म्हणून दाखवते. आळस नाही, मनाचे खेळ नाहीत, खरा आजार आहे.

आणि याची खोड अशी, की बरं वाटलं म्हणून जास्त काम केलं तर लगेच काही होत नाही... एक-दोन दिवसांनी माणूस आडवा होतो. मागच्या वर्षी तेच झालं. पूजेच्या दिवशी पोरगी टवटवीत होती, ओटी भरेपर्यंत वेचत राहिली.

ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधतो ते फडकं. पूजा करणारीने ओटी भरल्याशिवाय घरी जायचं नाही, अशी आमची रीत. तिसऱ्या दिवशी जी पडली, ती पार संक्रांतीपर्यंत. उजेडही सहन होत नव्हता, खिडकीला चादर बांधली होती.

म्हणून यंदा घरात सगळे नको म्हणत होते. तर ही म्हणते, "आजी, मले नेशीन का? फक्त पूजाच करीन." मला काही नाही म्हणवेना.

आदल्या दिवशी तिने अंघोळसुद्धा केली नाही, ताकद राखून ठेवली. आम्ही ऑटो थेट धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत नेला, तिथल्या कडुनिंबाखाली खाट टाकली. पूजा तिने बसूनच केली, एक बोंड वेचलं... मी म्हटलं, झालं, आता पड.

वेचणाऱ्या बायांमध्ये माझी शेजारीण सुमन होती. मनाची चांगली, पण जिभेची तिखट. लगेच म्हणाली, "काहून वो काकू, म्हाताऱ्या वाकून राह्यल्या अन् तरणी पोरगी खाटेवर? ओटी काय रिकामीच जाईन घरी?"

पल्लवी उठायलाच लागली. मी तिचा खांदा दाबून धरला आणि सुमनला विचारलं, "तुमच्या विहिरीवर मोटर किती वेळ चालवता?"

"थोडकीच. झिरा बारीक हाय ना वो."

"अन् पाणी तुटल्यावरही चालूच ठेवली तर?"

"मोटर जळून जाईन ना!"

"मंग माह्या पोरीची मोटर कायले जाळून राह्यली, बाई?"

बाया खो खो हसल्या. सुमन नाही हसली. तिची विहीर आहेच तशी, झिऱ्यातून पाणी हळूहळू पाझरतं... आज सगळी उपसली तर पुढे दोन दिवस कोरडी, थोडं थोडं घेतलं तर रोज देते.

ती वेचायला गेली. थोड्या वेळाने परत आली आणि आपल्या ओटीतला मूठभर कापूस पल्लवीच्या ओटीत टाकला. "घे वो बाई, हा तुह्या नावाचा." मग एकेक बाई येऊन टाकत गेली. पोरगी खाटेवर निवांत पडलेली आणि तिची ओटी फुगलेली! मला हसू आणि रडू एकदमच आलं... बायांना दहीभात वाढायचाच विसरले.

पण खरी धाकधूक पुढेच होती. काल दिवसभर मी तिच्या दारासमोरून चोरासारखी फिरत होते, निवडलेली डाळ पुन्हा निवडली. मागच्या वर्षीही दुसऱ्या दिवशी ती ठीकच होती, म्हणून जिवात जीव नव्हता.

आणि आज सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मांजर समजून मी ओरडतच गेले... तर पल्लवी! स्टुलावर बसून चहा गाळत होती. माझ्यासाठी! साखर विसरली होती. मी काही सांगितलं नाही, शेवटचा घोटही सोडला नाही.

आजार बरा झालेला नाही, हे मला कळतं. उद्या पुन्हा पडूही शकते. पण झिरा चालू आहे हो... आपण उपसायची घाई करायची नाही, एवढंच.

सुमन, तुझ्या त्या मुठीचे उपकार आहेत बाई. संध्याकाळी ये, पल्लवी चहा करते म्हणाली... साखर मी घालीन.