यमुताईंचा वन्समोअर

नागपूरच्या नंदनवन भागातल्या कामिनी रामटेकेला आता लोक दिग्दर्शिका म्हणून ओळखतात, पण तिचे पाय घडले ते झाडीपट्टीच्या नाटकांत. दिवाळी झाली की होळीपर्यंत भंडारा-गडचिरोलीकडच्या गावोगावी नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि दोन अंकांच्या मध्ये नाचायला नागपूरच्या मुली जातात. कामिनी पहिल्यांदा निघाली तेव्हा आईने तिला सक्करदऱ्याच्या यमुताईंच्या हवाली केले. यमुताई त्या काळात नुसत्या नावावर मंडप भरवत.

घुंगरू कसे बांधायचे, समोरच्या टवाळ पोरांकडे न बघता बघितल्यासारखे कसे करायचे, हे सारे कामिनी त्यांच्याकडून शिकली. एकदा प्रयोगाच्या वेळी ती तापाने फणफणली होती. कसाबसा नाच संपवून आत आली आणि कपड्यांच्या पेटीवर आडवी झाली, तोच बाहेर ‘वन्समोअर’चा गलका उठला.

"ऊठ वं, बोलावून राहिले लोक."

"ताई, मले उभं राहवत नाही."

यमुताईंनी आपले सोडलेले घुंगरू पुन्हा बांधले आणि तिच्याऐवजी स्वतः नाचून आल्या. मग पदराने घाम पुसत म्हणाल्या, "वन्समोअरले नाही म्हणता येत नाही, पोरी. वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखं होते ते."

पुढे महामारीत मंडप बंद पडले. घरी बसून कामिनी मोबाइलवर मुलींचे नाच टिपू लागली, लोकांच्या गाण्यांचे व्हिडिओ करू लागली. त्यातूनच तिने पहिला छोटा चित्रपट करायचे ठरवले. गोष्ट होती एका म्हाताऱ्या नाचणारणीची, आणि ती भूमिका यमुताईंशिवाय कुणाला देणार?

यमुताई साठीच्या पुढे गेल्या होत्या. उजवा गुडघा बोलत होता. पण बऱ्याच वर्षांनी एका नाटक मंडळीने येत्या हंगामासाठी त्यांना बोलावले होते. आईची भूमिका आणि तीत एक नाच. तेवढ्यासाठी त्या गुडघा जपत होत्या. जिनासुद्धा टाळत.

"तुह्यासाठी नाचतो," त्या कामिनीला म्हणाल्या, "पण एकदाच हं. बाकीचा पाय हंगामाले ठेवला आहे."

चित्रीकरण भिवापूरला होते. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल सड्याशेजारी मंडप उभारला होता, आणि देठ खुडणाऱ्या बायका बघायला जमल्या होत्या. यमुताई नाचल्या, छान नाचल्या. पण कॅमेऱ्यावरच्या दुर्गेशने मान हलवली. चेहरा धूसर आला होता.

"ताई, अजून एकदा घ्यावं लागते," कामिनी म्हणाली.

"काहून? चुकलं काय माह्यं?"

"तुमचं नाही, कॅमेऱ्याचं चुकलं."

"मंग त्यालेच नाचव!"

बायका खो खो हसल्या. यमुताई खाली बसून घुंगरू सोडू लागल्या. ऊन कलत चालले होते आणि दुसऱ्या दिवशी मंडप निघणार होता. कामिनीने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली, "वन्समोअर!"

बायकांनी लगेच री ओढली. यमुताईंचा हात घुंगरावर थांबला. त्यांनी एकदा कामिनीकडे बघितले, एकदा बायकांकडे, आणि गाठ पुन्हा आवळली. या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते कामिनीनेही पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"मॅडम, झालं. मस्त आलं," दुर्गेश म्हणाला.

झाले होतेच. पण कामिनीला तोच चेहरा जवळून हवा होता. ती पुन्हा ओरडली, "वन्समोअर!"

शेवटच्या गिरकीला गुडघा लचकला. यमुताईंनी मंडपाचा खांब धरला आणि उरलेला नाच नुसत्या हातांनी, डोळ्यांनी पूर्ण केला. कामिनीला कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे दिसत होते. एक ‘कट’ म्हटले असते तर त्या तिथेच खाली बसल्या असत्या. तिने म्हटले नाही. चेहरा फार सुंदर दिसत होता.

डॉक्टरांनी नाच कायमचा बंद केला. हंगामाची भूमिका दुसरीला गेली. कामिनी भेटायला जाई तेव्हा यमुताई भिंत धरत चहा करून आणत आणि विचारत, "तुह्यं पिक्चर कवा लागते?" त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर ते तिला सोसवले असते. ‘माफ करा’ हे शब्द ती प्रत्येक वेळी चहाबरोबर गिळून परत येई. आजही ती सेटवर कुणाला दुसऱ्यांदा करायला लावते तेव्हा ‘वन्समोअर’ म्हणत नाही. "पुन्हा घेऊ, चूक माझी," एवढेच म्हणते. नव्या मुलांना वाटते, मॅडमचा स्वभावच नम्र आहे.

चित्रपट नागपुरात दाखवला तेव्हा सभागृह भरले होते. यमुताई पहिल्या रांगेत, शेजारी कामिनी. पडद्यावर खांब धरून हातांनी केलेला तो नाच संपला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात मागून कुणीतरी ओरडले, "वन्समोअर!" मग सगळेच ओरडू लागले.

पडद्यावरचे चित्र पुढे सरकून गेले होते. पण यमुताईंनी पदर कमरेला खोचला, खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात रोवले आणि उठू लागल्या.

कामिनीने त्यांचे मनगट धरले. "बसा, ताई. बसा न."

यमुताईंनी तिच्याकडे वळून पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, नवल होते.

"लोक बोलावून राहिले," त्या म्हणाल्या, "अन् तू बसा म्हणतं?"