गृहीत धरलेला होकार

आमच्या घरात एखाद्या रविवारी शांतपणे जेवण झालं, तर दुसऱ्या दिवशी शेजारीण काळजीने विचारते, "काय हो, सगळे बरे आहात ना?" मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, म्हणजे वाद घालण्याचा मला पगार मिळतो. माझा धाकटा भाऊ देवळ्याला कांदा करतो. बाजार चढला की आनंदात आणि पडला की रागात तो नाशिकला आमच्याकडे येतो, आणि दोन्ही वेळा सारखंच मोठ्याने बोलतो. मुलगी माझ्यावर गेलेली. उरले आमचे हे. आजवरची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, कारखान्याच्या बसने जायचं, बसने यायचं, आणि घरी आल्यावर ऐकायचं. तिघं बोलणारे आणि एक ऐकणारा, अशी आमच्या घराची घटना होती. तिच्यात दुरुस्ती करावी असं कधी कोणाला वाटलं नव्हतं.

वादाचा नियम एकच. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की त्याची पाळी संपली.

मुलीने पदवी झाल्यावर सैन्यात अधिकारी व्हायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, निवड चाचणीत धावणं-उड्या तिला जड जातील, बोलण्याची काही चिंता नाही. झालं भलतंच. भोपाळच्या निवड केंद्रातून तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. एक चित्र दाखवून त्यावरून गटाने मिळून एक गोष्ट ठरवायची होती. कारणं तिथे कोणी सांगत नाही, पण तिला ती पुरेपूर माहीत होती.

"आई, एक मुलगी छान बोलत होती. ती श्वास घ्यायला थांबली आणि मी शिरले. मग दुसरी थांबली, तिच्याही बोलण्यात शिरले. समोर परीक्षक लिहीत होते. मला वाटलं, माझे मार्क लिहितायत."

मला हसू आलं आणि तिला रडू. मग तिचं रडू आटपलं आणि तिने घरावर नवा नियम लादला. पुढचं बोलावणं येईपर्यंत दर रविवारी जेवणानंतर आपण गटचर्चा करायची. ती सगळ्यात शेवटी बोलणार, कोणालाही तोडणार नाही, आणि जो गप्प आहे त्याला बोलतं करणार. भाऊ म्हणाला, "गप बसून कुठं अधिकारी होतं का कोणी?" पण भाचीपुढे त्याचं काही चालत नाही.

त्यातला एक रविवार मला सोडत नाही. तेव्हा सीमेवर तणाव होता. शहरात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याच्या भोंग्यांच्या तालमी झाल्या होत्या, ओझरकडून विमान गेलं की लोक गच्चीवर यायचे, आणि मेथीची जुडी निवडतानाही बायका रणनीती सांगायच्या. मी विषय दिला, युद्ध करायचं की नाही हे कोणी ठरवावं?

"सरकारनं," भाऊ शेवभाजीचा हात धुऊन येता येताच म्हणाला. "त्यात इचारायचं काय? तिथं बसलेल्यांना आपल्यापेक्षा लय माहिती राहती. लढाई काय ग्रामसभेत ठरवायची हाय का?"

मी याच वाक्याची वाट पाहत होते. "आणि कांदा?"

"कांद्याचं काय मधीच?"

"रातोरात निर्यातबंदी आली, तुझ्या व्यापाऱ्याच्या गाड्या बांगलादेशाच्या सीमेवर अडकल्या, तेव्हा याच खुर्चीत बसून तू काय म्हणाला होतास? दिल्लीत बसलेल्यांना शष्प कळत नाही. कांदा बाहेर पाठवायचा की नाही, हेही परराष्ट्र धोरणच आहे रे. तिथे सरकारला काहीच कळत नाही आणि युद्धात सगळं कळतं?"

"कांद्यात माझं नुकसान व्हतं, ताई."

"आणि युद्धात?"

त्याची नजर भाचीकडे गेली आणि तिथून सरळ जमिनीकडे. माझा भाऊ हरला की अहिराणीत शिरतो. "तुन्हं खरं शे," तो म्हणाला, आणि लगेच सावरून, "पण मग लढाईच्या आधी दिल्लीत महिनाभर भाषणं करायची का? तवर शत्रू काय चहा पीत बसंल?"

मुद्दा बरोबर होता आणि मी तो मान्य करते. वर्गातही करते. युद्ध पुकारण्याआधी संसदेची परवानगी घ्या, असं आपल्या राज्यघटनेत कुठेच लिहिलेलं नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा, नाव राष्ट्रपतींचं. घरात चोर शिरल्यावर कोणी बैठक बोलावत नाही. पण काम उरकल्यावर सभागृहात उभं राहून काय केलं, का केलं, काय गमावलं, हे सांगायला नको? प्रश्न विचारला की देशद्रोह, ही कुठली रीत? विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, तुमचा सरकारवर विश्वास आहे का? मी सांगते, डॉक्टरवर असतो तेवढा आहे. गोळी घेते, पण कशाची आहे ते विचारून घेते. हे सगळं मी त्या दिवशी एका दमात सांगितलं, श्वास न घेता. सवय आहे.

मुलीने मला पूर्ण बोलू दिलं. मग ती बाबांकडे वळली. हे कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"बाबा, तुम्ही अजून बोलला नाहीत. तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय. चालू द्या तुमचं."

ती थांबली. मला ते थांबणं सहन होईना. "त्यांचं म्हणणं असं असतं, की..." मी सुरुवात केली, आणि तिने माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. माझ्या आख्ख्या नोकरीत मला असं कोणी थांबवलेलं नाही. भयंकर राग आला. पण थांबले.

यांनी टरफलं एका बाजूला सारली. "युद्ध कोणी ठरवावं, ते मला नाही सांगता येत. पण ज्याच्या घरातलं माणूस जाणार, त्याला कोणी विचारत नाही, एवढं कळलंय. ही सैन्यात जाणार असं या घरात ठरलं, तेव्हा मला कोणी विचारलं? रोज पहाटे हिच्याबरोबर गोदाकाठी पळतो, म्हणून माझा होकार धरला तुम्ही. मी पळतो, कारण हिने अंधारात एकटीने पळू नये." ते जरा थांबले. कोणीच मध्ये शिरलं नाही. "हिने जाऊ नये, असं मला वाटतं."

भाऊ उगाचच पंख्याकडे बघायला लागला.

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?" मी म्हणाले.

"या घरात श्वास घेणाऱ्याला जागा कुठे असते?"

मुलीचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी जाऊ नको?"

"असं मी म्हटलं नाही. तू मत विचारलंस, मी सांगितलं. परीक्षेला जा, चांगली तयारी कर. फक्त माझा हो समजून जाऊ नकोस. निवड झाली तर तेव्हा मला पुन्हा विचार."

"आणि तेव्हाही नाही म्हणालात तर?"

"तर वाद घालू. तुम्हाला येतो ना चांगला."

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात मोठे गमतीचे गेले. हे बोलायला लागले. मी त्यांना सकाळच्या चहाला गाठायची. म्हटलं, प्रत्येक घराला विचारत बसलं तर सीमेवर उभं कोण राहील? ते म्हणाले, सीमेवर कोणी उभंच राहू नये असं मी म्हणत नाही. मग भीती कसली, गोळीची? तीही आहे, म्हणाले, पण ती दुसऱ्या नंबरावर. "कारखान्यात विमान पुढे सरकायच्या आधी आमच्यातला कोणीही 'थांबा' म्हणू शकतो. साहेब कितीही घाईत असला तरी थांबावं लागतं. हिला तिथे हुकूम आला की निघायचं. वर कोणाचं तरी चुकलं असेल, तर थांबा कोण म्हणणार?"

याला मी त्या सकाळी उत्तर दिलं, अधिकारी वर्गाची शिस्त, निर्णयाच्या पायऱ्या, संसदेच्या समित्या वगैरे. उत्तर चुकीचं नव्हतं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, कप विसळला आणि कारखान्याची बस पकडायला गेले. पण हा माणूस हळू बोलतो आणि मुद्द्याचं बोलतो, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

मुलगी पुन्हा भोपाळला गेली. शेवटच्या दिवशी दुपारी फोन आला. मी स्पीकरवर टाकला. भाऊही आलेला होता, बाजार चढला होता.

"झालं! निवड झाली! अजून मेडिकल आहे, यादी लागायचीय, पण झालं!" मागे पोरींचा गलका ऐकू येत होता. भाऊ जागेवरच नाचायला लागला. मग तीच म्हणाली, "बाबा आहेत ना? बाबा, आता विचारते. जाऊ?"

यांनी सावकाश श्वास घेतला. पलीकडून ती थांबली, अलीकडे आम्ही दोघं.

"माझा हो आहे," ते म्हणाले. "मनापासून आहे. पण तू आईला विचारलंस का?"

"आईला काय विचारायचं? ती तर पहिल्यापासून..."

"ती आतापर्यंत देशाचं बोलली. स्वतःचं काही बोललेली नाही. तिला विचार." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"आई? जाऊ?"

मी आयुष्यभर बोलत आले आहे. परराष्ट्र धोरणावर, युद्धावर, दिल्लीवर मला रात्री झोपेतून उठवलं तरी मी तासभर बोलेन.  त्या क्षणी मात्र मला तिचा तान्हेपणीचा घामेजलेला तळहात आठवला, बाकी काही नाही.

"मला भीती वाटते गं," मी म्हणाले. "खूप वाटते. पण तू जा. चांगली अधिकारी हो. एकदा वर्दी चढली की तुला आपल्यासारखं भांडता यायचं नाही. कुठे पाठवताय, कशाला पाठवताय, हे चारचौघांत विचारता यायचं नाही. ते मी विचारीन. सरकार कोणाचंही असू दे, मी मत दिलेलं असो की नसो, मी विचारीन."

"आणि उत्तर नाही दिलं तर?"

"तर पुन्हा विचारीन. तू घरी परत येईपर्यंत विचारत राहीन."